दोन बेडरूमची रांग सोडली, तेव्हा टिपेश्वर गाठलं

काचबिंदूने बाबांची कडेची नजर जवळजवळ गेली आहे, समोरचीही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोहाऱ्याला घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, "दिसून राह्यलं तोवर एकदा वाघ पाहू." एसटी चालवत पांढरकवड्याच्या रस्त्याने आयुष्य गेलं, पण हा माणूस जंगलात कधी शिरला नव्हता.

तिकडच्याच टिपेश्वर अभयारण्याजवळच्या एका रिसॉर्टचं टाइमशेअर सभासदत्व माझ्याकडे होतंच. वर्षाचे ठरावीक दिवस आपले, म्हटलं घेऊन टाकू. कसलं काय! अ‍ॅपवर सगळा हिवाळा भरलेला आणि आम्ही वेटिंगवर, क्रमांक दोन. दोन म्हणजे आलाच की नंबर, या खुशीत मी दोन महिने रोज सकाळी फोन उघडून बघत होते. दोनाचा एक काही होईना.

शेवटी वैतागून सभासद कक्षाला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही टू बेडरूम मागितलंय," पलीकडची मुलगी म्हणाली. "प्रत्येक प्रकारच्या खोलीची रांग वेगळी असते. या खोल्या इथे दोनच आहेत, कोणी रद्द केलं तरच रांग सरकते. किती जण येणार?"

मी खरं ते सांगून टाकलं. जाणार आम्ही दोघंच. पण महागावच्या आत्याला आणि बाभुळगावच्या मामाला विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी कुठे जातं का? ते येवोत न येवोत, जागा हवी.

मग तिने गंमत सांगितली. आठवड्यातल्या मधल्या वारांना छोट्या, म्हणजे स्टुडिओ खोल्या लोक अडवून ठेवतात आणि फुकट रद्द करायची मुदत संपत आली की सोडतात. त्यामुळे स्टुडिओची रांग पळते. तारखा मोकळ्या ठेवल्या तर आणखी पळते. पण विनंती बदलली की जुना नंबर जातो, नव्या रांगेत शेवटी उभं राहायचं. म्हणजे आमचा दोन सोडून नऊ! फोन तसाच धरून मी बाबांना विचारलं.

"सोड तो नंबर," बाबा म्हणाले. "तुह्या आत्याले मी सांगतो."

चौथ्या दिवशी खोली मिळाली.

जोडमोहा, मोहदा, करंजी असा सरळ रस्ता. सावकाश गेलात तरी दोन तास पुरतात. बाबा शेजारी बसून माझे गिअर मोजत होते. "काहून एवढा ब्रेक मारतेस वं? गाडी हाय, बैल नाही." करंजीला तर्रीपोहे खाल्ले, नाकातून पाणी आलं. रिसॉर्टची खोली नीटनेटकी, जेवण मात्र सभासदत्वात धरलेलं नसतं. सफारीचंही बुकिंग वेगळं करावं लागतं आणि गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजत होते. पहिला तासभर नुसती चितळं. मग गाइड हळूच म्हणाला, "काका, डाव्या हाताले, नाल्याच्या काठाले पाहा."

बाबा सरळ समोरच बघत राहिले. डावीकडचं त्यांना दिसतच नव्हतं. मी त्यांची हनुवटी धरून मान वळवली, जरा खाली केली. वाघीण उठून चालायला लागली होती.

"दिसली?"

"दिसली," ते म्हणाले. मी हनुवटी तशीच धरून ठेवली; वाघिणीमागून पिल्लूही नाला ओलांडून गेलं.

घरी आल्यावर शेजारीपाजारी जमले. बाबांनी वाघिणीचे पट्टे, तिची चाल, सगळं रंगवून सांगितलं. आत्याचाही फोन झाला, ती रागावली नव्हती. ती मोठी रांग मी भलत्याच भीतीने धरून बसले होते. तुमच्याकडेही असं सभासदत्व असेल तर आधी खरोखर जाणारी माणसं मोजा.

सगळे गेल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं.

"गाइड म्हणे तिच्या मांग पिल्लू होतं. मले ते नाही दिसलं. कसं होतं, सांग बरं."

मी सांगितलं. कान केवढे, शेपूट कशी, नाला ओलांडताना घसरलं कसं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता पुन्हा सांग."