अण्णांनी न कापलेला फोटो

गोदे, मी कळंब सोडलं त्या सकाळी अण्णांनी अंगणात कॅमेऱ्याची तिपाई मांडली होती. निजामाच्या मोगलाईत वातावरण तापलं होतं, म्हणून मला बार्शीला, इंग्रजी हद्दीत, आत्याकडं धाडायचं ठरलं. बैलगाडी दारात उभी होती. अण्णा आईला म्हणाले, लेकाजवळ उभी राहा, एक फोटो काढतो. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाची ती बायको, पण फोटो काढला की आयुष्य घटतं, यावर तिचा पक्का विश्वास. त्यात निघायच्या वेळी तर नकोच नको.

"माघारी आल्यावर काढू की. मी कुठं पळून चालले व्हय?" असं म्हणत तिनं माझ्या हातावर दही ठेवलं. मीही हट्ट धरला नाही. त्याचं आजही वाईट वाटतं.

माघारी आलो तेव्हा निजामाचं राज्य गेलं होतं आणि आईही गेली होती. तापानं, चार दिवसांत. तू तेव्हा एवढीशी होतीस. निरोप हद्द ओलांडून माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मग नोकरीसाठी पुणं धरलं ते धरलंच. आता तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दाराला बेल आहे, ती वाजवणारं फारसं कोणी नाही. तुझी वहिनी गेली, मुलगा परदेशात. फार एकटं वाटतं. हे तुला नाही तर कोणाला सांगू?

म्हणून तू अण्णांच्या फोटोंचं पाकीट पाठवलंस आणि लिहिलंस, "दादा, आई कुठं सापडती का बघा," तेव्हा मी भिंग घेऊन बसलो. कचेरीची कमान, आठवडी बाजार, अडत्यांची दुकानं, शाळेपुढं रांगेत उभी टोपीवाली पोरं. सगळं गाव होतं. आई नव्हती.

शेवटी पेठेतल्या अत्तरवाल्यांच्या कुटुंबाचा फोटो निघाला. गोषातल्या बायका कॅमेऱ्यापुढं बसायला बिचकायच्या, म्हणून अण्णा आईला सोबत न्यायचे. ती त्यांच्याशी गप्पा मारायची, पदर सारखे करून द्यायची. मग मागची मातीची भिंत दिसू नये म्हणून पांढरी चादर धरून तिच्याआड उभी राहायची. चादरीचं एक टोक खिळ्याला, दुसरं तिच्या हातात. गिऱ्हाइकाला देताना अण्णा फोटोच्या कडा कापून टाकत. स्वतःपाशी ठेवलेली ही प्रत मात्र त्यांनी कापली नव्हती. तिथं चादरीच्या काठावर चार बोटं होती. करंगळी वाकडी, लहानपणी जात्याखाली सापडलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गोदे, मी ढसाढसा रडलो.

फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाले म्हणाले, बाजूची बोटं काढून टाकतो, साफ येईल. म्हटलं, अहो, बोटांसाठीच तर करतोय.

एक प्रत तुला पाठवतोय. दुसरी मी पलंगासमोर लावलीय. इतक्या वर्षांत या भिंतींना घर म्हणावंसं पहिल्यांदाच वाटलं. परवा शेजारच्या बाई साखर मागायला आल्या होत्या. फोटोपुढं थांबून विचारू लागल्या, यातलं तुमचं कोण?

म्हटलं, चादर धरून उभी आहे ती.