लिमाच्या बाजूने चढ

रोज दुपारी लिमाचं विमान इकितोसच्या बेलेन वस्तीतल्या पत्र्यांवरून खाली यायला लागलं, की डोन्या एर्मेलिंदा हातातला डाव आभाळाकडे उगारायच्या. "आलं बघा, रिकामं!" एवढं बोलून पुन्हा भाताकडे वळायच्या. विमान भरलेलंच असायचं. त्यात त्यांची लेक सोयला नसायची, इतकंच.

इकितोसला बाहेरून रस्ता नाही. यायचं तर नदीतून, नाहीतर आभाळातून. ओंडक्यांवर तरंगणाऱ्या घरात डोन्या हुआने नावाचा पदार्थ करून विकायच्या. पानात बांधून उकडलेला कोंबडीभात. बोटीने निघालेला माणूस तो घेतल्याशिवाय निघत नसे.

नवरा वारला आणि सोयलाने तिकीट पाठवलं. फक्त जाण्याचं. "हजारभर किलोमीटर गं आई, पण विमानाने पावणेदोन तास!"

बोटीत झोळी टांगूनच प्रवास करायची सवय, म्हणून डोन्या झोपायची झोळी काखेत मारून विमानात चढल्या. "ही कुठे टांगू?"

"आजी, इथे बसूनच जायचं असतं," हवाईसुंदरी हसली.

"बसायचंच तर दवाखाना काय वाईट होता?"

लिमात घर नवव्या मजल्यावर. झोळीसाठी भिंतीला खिळा मारायचा तर सोसायटीची परवानगी, असं जावयाने सांगितलं. डोन्या पलंगावर कूस बदलत राहिल्या. एके दिवशी जेवताना सोयला म्हणाली, "बेलेनच्या घराला गिऱ्हाईक आलंय."

डोन्यांनी चमचा खाली ठेवला. "इकितोसहून लिमा किती लांब?"

"पावणेदोन तास. सांगितलं ना."

"आणि लिमाहून इकितोस?"

"तेवढंच की!"

"मग बाप गेला तेव्हासुद्धा आली नाहीस ती? तुझ्या बाजूने चढ लागतो काय?"

दुसऱ्या दिवशी सोयलाने आईसाठी परतीचं विमान बघते म्हटलं, तर डोन्या म्हणाल्या, "तुझं विमान तुलाच लखलाभ." डोंगर ओलांडणारी बस धरून त्या नदीकाठी पुकाल्पाला उतरल्या, बोटीत झोळी टांगली आणि नदीच्या ओढीने घरी आल्या. शेजारच्या एउलोहियोने विचारलं, "डोन्या, विमानाने दुपारपर्यंत पोचला असतात की!"

"मला पोचायचं नव्हतं रे. परत यायचं होतं."

घर विकलं गेलं नाही. डाव रोज उगारला जात राहिला. पुढे हातातलं बळ गेलं, तेव्हा झोळीत पडल्या पडल्या त्या नुसतं बोट दाखवायच्या.

एउलोहियोने फोन केला आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानातून सोयला उतरली. नावेतून घराच्या फळीवर पाय ठेवते तोच आईने डोळे उघडून तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दमलीस? चढ आहे ना!"

सोयला हसता हसता रडायला लागली. पहाटे डोन्या गेल्या. त्याआधी संध्याकाळी लेक बॅग ठेवायला जागा शोधत होती, तेव्हा त्या एवढंच बोलल्या होत्या, "हुआने भांड्यात आहे, खाऊन घे. पेटीत तुझी झोळी आहे, ती पलीकडच्या खिळ्याला टांग. हा खिळा माझा आहे."