चौथं बिऱ्हाड

आमचे उमाशंकरमामा लातूरच्या एका खोलीत बसून तीन गावांचे सर्व्हर सांभाळतात. कंधारचा दवाखाना, मुदखेडची शाळा, मुखेडची डाळमिल. कुठं काही बिघडलं तर खुर्चीतून न उठता दुरुस्त करतात, म्हणून मामींच्या मते ते काहीच करत नाहीत.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, असं विचारलं तर मामांचं उत्तर ठरलेलं. "डबा एकच दिसतो. आत चार बिऱ्हाडं ऱ्हातात. दरेकाचा दरवाजा न्यारा."

मुखेडच्या डब्याची डिस्क मरायला टेकली होती. एकदा बंद पडली की उठणार नव्हती, आणि मिलच्या वजनकाट्याच्या नोंदी फक्त तिच्यातच. बिऱ्हाडं लातूरच्या नव्या सर्व्हरवर हलवायला मामांनी मिल बंद असेल असा दिवस शोधला. खंडेनवमी.

खंडेनवमीला मिल बंद असते, कारण यंत्रांची पूजा असते. पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. हे मामांना माहीत नव्हतं असं नाही. सकाळीच त्यांनी स्वतःचा पेचकस पुजला होता.

तीन बिऱ्हाडं पोचली, तरी त्यांची जुनी मशिनं डब्यात अजून चालूच होती. वजनकाट्याचं चौथं अर्ध्यावर असताना व्हिडिओ कॉल आला. मिलमालक गुरुपादप्पांच्या पत्नी रत्नम्मा. फोन पोत्याला टेकवलेला, एका हातात ताट, दुसरा डब्याच्या बटणावर.

"शरणार्थ, उमाशंकर. समद्या मशिना निजवल्या. ह्योच एकटा घुरघुर करून राहिला. हेच बटन ना?"

"दाबू नका, अक्का!" मामा उभे राहिले. हे क्वचित घडतं.

"चालत्या मशिनीला कुंकू लावू व्हय? वरीसभर राबतंय बिचारं."

"आत चौघं हायत. तिघांना मी इथून निजवतो. हा एक... हा दुसरा... हा तिसरा."

रत्नम्मांनी डब्याला तीन बोटं कुंकू लावलं. "चौथं?"

"ते लातूरला बिऱ्हाड हलवून राहिलंय. अर्ध्या वाटेत हाय. आता निजवलं तर इथलं न्हाई, तिथलं न्हाई."

पुन्हा बटणाकडे निघालेला हात थांबला. "अगं माय! आन् तसंच धाडलंस? हातावर दही न्हाई, काई न्हाई?"

त्या वाटी घेऊन आल्या. डब्याला हात नव्हते. वरती हवेची जाळी होती. त्यांनी जाळी निवडली.

"जाळीत नको, अक्का! म्होरं ठेवा, म्होरं!"

"म्होरं ठेवून खातंय का?"

"खातंय. सावकाश खातंय."

दिवेलागणीला चौथं पोचलं. मामांनी शेवटच्या वजनाची नोंद उघडून बघितली, मिटली, पुन्हा उघडली. तोवर फोन वाजलाच.

"पोचलं का रं?"

"आत्ताच पोचलं, अक्का."

"पोचल्यावर फोन करायची रीत न्हाई व्हय तुमच्या लातूरला?"

"चुकलं."

"मग दाबू बटन?"

"दाबा."

घुरघुर थांबली. ती डिस्क पुन्हा उठली नाही. रत्नम्मांनी चौथं बोट लावलं.

"आन् त्याला सांग, आल्या आल्या कामाला लागू नको म्हणावं. सण हाय."

मामांनी लातूरचं मशीन सकाळपर्यंत निजवलं.