डब्या थंड होईपर्यंत

डबीमामांना पावसात काडीचा रस नव्हता. जून लागला की आमच्या कचेरीत सगळे पावसावर बोलायचे. कुठे किती मिलिमीटर झाला, कुठलं धरण किती भरलं. मामा वजनकाट्यावरून मान न काढता विचारायचे, "पडला ते कळलं. राहिला किती?" एकदा एका नव्या अधिकाऱ्याने त्यांना हौसेने सांगितलं, की मराठवाड्यात यंदा पावसाने सरासरी गाठली. मामा म्हणाले, "साहेब, तुमच्या डोक्यावर बादली ओतली म्हणून तुमची तहान भागेल का?" तो अधिकारी नंतर आमच्या खोलीकडे फारसा फिरकला नाही.

आमची खोली म्हणजे परळच्या एका सरकारी इमारतीतली मातीची प्रयोगशाळा. दुष्काळी पट्ट्यातल्या गावांमधून आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या डब्या यायच्या, पेढ्याच्या डबीएवढ्या. गिरमिटाने ठरावीक खोलीवरची माती काढायची, डबीत भरायची, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळून एसटीच्या पार्सलने पाठवायची, हे तिथल्या निरीक्षकाचं काम. आमचं काम त्याहून साधं. ओल्या मातीचं वजन करायचं, डबी दिवसभर ओव्हनमध्ये ठेवायची, मग सुक्या मातीचं वजन करायचं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या जमिनीत राहिलेलं पाणी. एवढंच. मामांनी हे एवढंच एकतीस वर्षं केलं, आणि माझ्या माहितीत एकही पार्सल न उघडता पडून राहिलं नाही.

मामा लालबागचे. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. म्हणजे त्यांच्या घरची माती तांबडी, आणि आयुष्य गेलं काळ्या मातीत. गंमत म्हणजे ज्या गावांची माती त्यांच्या हातातून गेली, त्यांतलं एकही गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. पण डबी उघडून वास घेतला की गाव सांगायचे. मी एकदा नंबर झाकून परीक्षा घेतली. सहापैकी सहा बरोबर. वर मला म्हणाले, "तुला तुझ्या जावेची आमटी ओळखता येत नाही?" येत होती. परीक्षा तिथेच संपली.

निरीक्षकांनाही ते डब्यांवरूनच ओळखायचे. खडकवाडीला एक बाई होत्या, त्यांची चिकटपट्टी नेहमी रेघ मारल्यासारखी सरळ. एका महिन्यात ती वाकडी आली. मामा दोन दिवस अस्वस्थ. शेवटी साहेबांच्या टेबलावरून फोन लावायला लावला. बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, पट्टी त्यांच्या नवऱ्याने गुंडाळली होती. मामा फोनवरच म्हणाले, "बाळ-बाळंतीण बरी ना? मग हरकत नाही. पण यजमानांना सांगा, पट्टी ओढून लावायची असते."

मी तिथे लागले तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. दादरला एका पाळणाघरात असायची आणि ते पाळणाघर सहाला बंद व्हायचं. बंद म्हणजे बंद. सहा वाजून दहा मिनिटांनी पोचलं तर मूल बाहेरच्या पायरीवर, आणि पाळणाघरवाल्या बाईंचा चेहरा असा की मुलाला पायरीवरच बरं वाटावं. नवरा फिरतीच्या नोकरीत. त्यामुळे साडेपाचला निघणं हा माझ्या नोकरीचा पाया होता, आणि पावसाळ्यात नेमका तोच डळमळायचा.

कारण असं. ओव्हनमधून काढलेली डबी गरम असताना काट्यावर ठेवता येत नाही, आणि उघड्यावरही ठेवायची नाही. ती जड झाकणाच्या एका काचेच्या भांड्यात थंड करायची. भांड्याच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे असतात. मामांनी मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं. "मुंबईची हवा म्हणजे ओला पंचा. सुकी माती दिसली की पुसायला येते." पण भांड्यात एका वेळी बाराच डब्या मावत. पावसाळ्यात डब्या तिप्पट यायच्या. एक घाणा थंड व्हायला तास, असे तीन घाणे. हिशेब केला तर सुटायला सात वाजणार.

पहिल्या पावसाळ्यात पहिले काही दिवस मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. मग एके दिवशी मामा म्हणाले, "निघ तू. झालं माझं." बघते तर खरंच झालं होतं. मला वाटलं, जुना माणूस, हाताला वेग आहे. मी पिशवी उचलली आणि पळाले. आठ पावसाळे मी अशी साडेपाचला पळत होते आणि मामा मागून सांगायचे, "सांभाळून गो बाय, जिन्यात पाणी आहे."

मामांच्या निवृत्तीच्या वर्षी साहेबांनी एकतीस वर्षांचा तक्ता करायला घेतला. प्रत्येक गाव, प्रत्येक महिना, जमिनीत राहिलेलं पाणी. आकडे मांडले तशी एक उतरण दिसू लागली. हिवाळ्यात माती वर्षागणिक लवकर सुकत होती. आणि अलीकडच्या आठ वर्षांत तर पावसाळ्यातही झपाट्याने. साहेब खूश झाले. दुष्काळावर कुणी खूश होऊ नये, पण आकडा ठळक निघाला की आमच्या क्षेत्रातली माणसं होतात. तक्ता टंचाईची गावं ठरवणाऱ्या समितीकडे जाणार होता. निरोप समारंभात मामांचा सत्कार होणार होता, 'एका हाताने ठेवलेली एकतीस वर्षांची अखंड नोंद' म्हणून. शालही आणून ठेवली होती.

मामा तक्ता घेऊन दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओव्हनमधून एक डबी काढली, काचेच्या भांड्यात थंड केली, वजन केलं. मग झाकण लावून तीच डबी खिडकीच्या फळीवर ठेवली. बाहेर जूनची झड लागली होती. तासाभराने पुन्हा वजन केलं. डबी जड झाली होती.

ते कचेरीत सहसा शहरी मराठी बोलायचे. त्या दिवशी मालवणी बाहेर आली. "ह्यां वजन खोटां आसा," ते म्हणाले. मग आणखी हळू, "माझां वजन."

मला समजायला मिनिटभर लागलं. आठ पावसाळे भांड्यात न मावलेल्या डब्या मामांनी झाकण लावून खिडकीत, वाऱ्याला थंड केल्या होत्या. झाकणं घट्ट होती तोवर फारसं बिघडलं नाही. पण झाकणं वर्षागणिक सैल होत गेली, आणि भाजून निघालेली काळी माती मुंबईची दमट हवा पीत गेली. सुकं वजन वाढलं, म्हणजे फरक कमी. फरक कमी, म्हणजे जमिनीत पाणी कमी होतं असं दिसणार. पावसाळ्यातली ती उतरण गावांची नव्हती. आमच्या झाकणांची होती.

"पण खिडकीत ठेवायच्याच कशाला?" मी विचारलं. "तुम्हीच तर शिकवलं होतंत."

"तू घड्याळाकडे बघायचीस. मला ते बघवायचं नाही."

मग तक्ता उचलून ते साहेबांकडे गेले. मी त्यांच्या मागोमाग.

साहेबांनी दार लावून घेतलं. "मामा, कुणाला कळणार आहे? माती सुकतेय हे तर खरंच आहे ना? मग थोडी जास्त सुकलेली दिसली, तर गावांचं भलंच होईल."

"साहेब, उद्या कुणी ही एक खोट पकडली, तर तो पूर्ण तक्ता फेकून देईल. मग हिवाळ्याचे आकडे खरे आहेत, ते कोण ऐकणार?"

"आणि तुमचा सत्कार?"

"शाल काय, मुंबईत कोण पांघरतो?"

साहेब चिडले. "इतकी वर्षं घातलीत तुम्ही यात. जाता जाता आपल्याच हाताने काट मारणार?"

"माझ्याच हाताने घातलीत," मामा म्हणाले, "दुसऱ्याला कशी मारू देऊ?"

समारंभ झाला. समोसे होते, भाषण छोटं होतं, 'अखंड नोंद' हे शब्द गाळले होते. शाल मामींसाठी म्हणून पिशवीत घातली. आणि दुसऱ्या दिवशी दहाला मामा पुन्हा खोलीत हजर. त्या पावसाळ्यात ते रोज आले. पगार नाही, हजेरी नाही. वॉचमन रोज विचारायचा, "मामा, रिटायर झालात ना?" आणि मामा म्हणायचे, "झालो की. पण काम रिटायर नाही झालं." प्रत्येक डबी दोनदा तोलायची: एकदा भांड्यातून, एकदा खिडकीतून. चूक किती मोठी, ते चुकीनेच सांगावं, असा त्यांचा हिशेब. सप्टेंबरअखेर त्यांनी मला सांगितलं, की प्रत्येक झाकणाची खोट वेगळी आहे, आकडे दुरुस्त होणार नाहीत. आठ पावसाळे काढून टाकायला हवेत. लाल पेन त्यांनी घरून आणलं होतं. एकेका रकान्यावर सरळ रेघ, पट्टी लावून. मी समोर बसून आकडे वाचत होते आणि ते काटत होते. त्यांच्या हस्ताक्षरातले आकडे. दुपारी सुरू केलं, चार वाजता संपलं.

हिवाळ्याचे आकडे राहिले. हिवाळ्यात डब्या कमी यायच्या, सगळ्या भांड्यात मावायच्या.

तळटीप मामांनी स्वतः लिहिली: काय चुकलं, कुठल्या वर्षांत, कुणाच्या हातून. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव.

"माझंही घाला," मी म्हणाले.

"तू डबीला हात लावलास?"

"माझ्यासाठीच तर झालं."

"मुलीला आणायला गेलीस. त्याची तळटीप नसते." आणि कागद साहेबांकडे पाठवून दिला.

तीन वर्षांनी समितीपुढे तक्ता निघाला तेव्हा मी हजर होते. एका सदस्याने तळटीप वाचली आणि चष्मा काढला. "तुमच्या प्रयोगशाळेत एवढी मोठी चूक झाली?" मी म्हणाले, "झाली. म्हणून लिहिली." मग मामांच्या दुहेरी वजनांच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या तासभर चाळल्या. हिवाळ्याच्या आकड्यांवर एकही प्रश्न आला नाही. दरवर्षी लवकर सुकणारी ती गावं यादीत गेली.

हे सांगायला मी लालबागला गेले. मामा तोवर अंथरुणाला खिळले होते. त्यांनी गावांची नावं एकेक करून विचारली, मी हो-नाही सांगत गेले. मग म्हणाले, "आता वजनं कोण करतं?"

"मीच."

"सुटतेस कधी?"

"पावसाळ्यात सात. कधी साडेसात."

"आणि मुलगी?"

"नववीत आहे मामा. मला यायला उशीर झाला तर खूश असते."

ते हसले. "मग आता घाई करू नको."

पुढच्या जुलैत एका संध्याकाळी फोन आला, की मामा दुपारी गेले. शेवटच्या घाण्याच्या डब्या नुकत्याच ओव्हनमधून काढून भांड्यात ठेवल्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्चीवर बसून राहिले. तासाने डब्या थंड झाल्या, बाराही तोलल्या, आकडे लिहिले, आणि मग निघाले.

लालबागला पोचले तेव्हा मामांना भोईवाड्याच्या स्मशानात घेऊन गेले होते. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारणीने मला जरा मोठ्यानेच विचारलं, "आत्ता आलात? परळहून यायला इतका वेळ?"

"डब्या थंड व्हायच्या होत्या," मी म्हणाले.

शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली. मामींनी सरकून मला जागा केली.

"बरां केलंस," त्या म्हणाल्या.