आबांच्या ट्रकची चकचकीत नोझलं

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला देवासमोर उभं करून बजावलंय. पण तुम्ही काही आमच्या गल्लीतले नाही. आणि गल्लीला तर सगळं आधीच ठाऊक आहे! मग राहिलं कोण?

आमच्या आबांचा एक ट्रक आहे. दरसाल तो साखर कारखान्याला ऊस वाहायला लावतात. यंदा मात्र त्यानं छळ मांडला होता. सकाळी लवकर सुरू व्हायचा नाही, झालाच तर काळाकुट्ट धूर ओकायचा आणि जरा चढ लागला की मान टाकायचा. आमचे ड्रायव्हर शिवामामा म्हणाले, “आबा, नोझलं गेली. तोंडं पार झिजल्यात. डिझेल फवारायचं सोडून गळाय लागलंय.”

नोझल म्हणजे इंजिनात डिझेल उडवणारी लोखंडी नळी, साधारण आपल्या बोटाएवढी. आबांनी सांगलीहून नवा जोड आणला. कारण खंडेनवमीच्या दुपारी कारखान्याचे साहेब गाडी बघायला येणार होते. त्यांनी नापास केली, तर हंगामभर ट्रक दारात उभा!

त्या दिवशी सकाळी शिवामामांनी जुनी नोझलं काढून पोत्यावर ठेवली, शेजारी नव्यांचा पुडा ठेवला आणि ते न्याहारीला गेले. तेवढ्यात आई मला म्हणाली, “पूजेला हत्यारं मांडायची हायत. सगळी लख्ख घास बघू!”

आता मी वर्गात तोंड उघडत नसले, तरी घासण्यात माझा हात कुणी धरणार नाही! पाने घासले, हातोडा घासला, विळे घासले. मग पोत्यावरच्या त्या काळ्या नळ्या दिसल्या. राख घेतली, काथ्या घेतला, रॉकेल घेतलं. अशा चमकवल्या की त्यात तोंड बघून वेणी घालावी! आणि पूजेच्या पाटावर मांडून ठेवल्या.

मग तो पुडा उघडला. शी! आत सगळं ग्रीसनं बरबटलेलं. मला वाटलं, हाच गाडीतून काढलेला कचरा. पूजेत असलं मळकट कुणी ठेवतं का? मी पुडा उचलला आणि गोठ्यातल्या भंगाराच्या पाटीत टाकून आले. किती शहाणी मी!

पूजा झाली. शिवामामांनी पाटावरची चकचकीत नोझलं उचलली, त्यांच्यावरचं हळदकुंकू पुसलं आणि खूश होऊन म्हणाले, “आबा, सांगलीचा माल म्हंजे लयच देखणा!”

मी दाराआडून ऐकलं. ही नवी? मग मी गोठ्यात काय टाकलं?

सांगायला पुढं झाले, तोच जीप आली. साहेब उतरले. अंगात पांढराशुभ्र टेरिलीनचा बुशशर्ट! परक्या माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी पुन्हा दाराआड.

नोझलं बसवून झाली. साहेब नेमके ट्रकच्या मागं जाऊन उभे राहिले. शिवामामांनी गाडी सुरू केली आणि भक्कन असा धूर आला की साहेब दिसेनासे झाले. दिसले तेव्हा शर्ट कोणत्या रंगाचा होता, ते विचारू नका!

“आवं सायेब, डिझेलात भेसळ असंल,” आबा म्हणाले.

“न्हाई, पायपात हवा धरली असंल,” शिवामामा म्हणाले.

“मला वाटतं, नजर लागली,” असं म्हणत आईनं मीठमोहऱ्या आणल्या आणि बॉनेटवरून उतरवून टाकल्या. गाडी धडधडत होती, धूर चालूच होता.

साहेब रुमालानं तोंड पुसत जीपकडं निघाले. “आबा, ही गाडी उसाला नाही चालायची. मी दुसरी बघतो.”

आबांचा चेहरा एवढासा झाला. मला राहवेना. मी बाहेर आले. “आबा...” म्हटलं. कुणाला ऐकू जाणार? “आबा, नोझलं...” छे! मग डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. आणि त्याच क्षणी शिवामामांनी इंजिन बंद केलं!

“जुनीच घासून ठेवली मी! नवी गोठ्यात हायत!”

गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. समोरच्या घराच्या माडीवरून लोकांनी डोकी काढली. साहेबांचा पाय जीपच्या पायरीवरून घसरला.

पुढं काय? नवी नोझलं आली, धुतली, बसवली. गाडी मांजरीसारखी गुरगुरली. धूर म्हणाल तर उदबत्तीपेक्षा कमी! साहेब मागं उभे राहिले, अर्थात बरेच लांब, आणि हसून म्हणाले, “आबा, गाडी लावून घेतली. पण पोरगीही कारखान्यावर पाठवून द्या. आमचा भोंगा शेजारच्या पलूसपर्यंत ऐकूच जात नाही!”

झालं! तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी मी ‘भोंगा’! सांगा, माझ्यासारख्या अबोल मुलीला हे नाव शोभतं का? पण आता काळजी नाही. कालच आबांनी सगळ्या गल्लीला दम भरलाय, की माझ्या लेकीला पुन्हा कुणी त्या नावानं हाक मारली, तर त्याची...

“ए भोंग्या! कुठं गेली गं? ये की हिकडं, म्हैस सुटली!”

अगं बाई! हे तर आबाच...