चिमी विचारायला शिकली

माझ्या नणंदेची नात चिमी आमच्या वरच्या खोलीत राहायला आली, त्याच दिवशी तिचं डोकं जिन्यावरच्या तुळईला आपटलं. लहानपणी ठेवलेलं लाडाचं नाव तिला कधीच आखूड झालं होतं. शेजारच्या टेलरबाई दारातून तिच्याकडे मान वर करून बघत म्हणाल्या, ही जर चिमी असेल तर तुमच्या घरातल्या मोठ्यांना छप्पर काढूनच आत घेत असतील. टेलरबाई आपल्याच भाषेच्या, माझ्यासारख्याच फार वर्षांपूर्वी या देशात आलेल्या. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून त्या लोकांची मापं तोंडानेच काढतात.

चिमी इथे डॉक्टरकी शिकायला आली होती. शिक्षण पुरं करायचं, मग इस्पितळात दोन वर्षं नोकरी करायची, आणि त्या नोकरीच्या जोरावर इथे कायम राहण्याची परवानगी मिळवायची. हा रस्ता तिच्या वडिलांनी फळ्यावर रेघ ओढावी तसा सरळ आखून दिला होता. तिचे वडील म्हणजे माझा भाचा, हेडमास्तर. त्याच्या घरात प्रश्न विचारायचे ते मास्तरांनी, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. त्याची बायकोसुद्धा 'अहो' म्हणून थांबते आणि पुढचं त्याच्या चेहऱ्यावरून वाचून घेते.

रस्ता वडिलांनी आखलेला असला, तरी चालू लागल्यावर तो चिमीला स्वतःचा वाटायला लागला. तिने एक जुनी सायकल घेतली. पावसात भिजलेला रेनकोट न्हाणीत वाळत घालून ती शिट्टी वाजवत जिना चढे आणि तुळईपाशी शिट्टी बंद पडे. मी घराची किल्ली तिच्या हातात ठेवली, तेव्हा ती बराच वेळ किल्लीकडे बघत राहिली होती. त्यांच्या घरी मुलींकडे किल्ली नसे. कोणीतरी कायम घरात असे, आणि दार उघडता उघडताच ते कोणीतरी उशिराचं कारण विचारी. चिमीने किल्लीला निळी नाडी बांधली आणि ती गळ्यात घातली. ही आंघोळीलाही किल्ली काढत नाही, असं मी टेलरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आता हिला एक बरंसं कुलूप बघा.

अभ्यासात ती हुशार होती. शरीरातल्या सगळ्या हाडांची नावं तिला भाजी चिरता चिरता म्हणून दाखवता येत. पण शेवटच्या वर्षाला लेखी परीक्षेबरोबर इथे आणखी एक परीक्षा असते. एका लांब बोळासारख्या जागेत ओळीने खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक खोटा रोगी. खोटा म्हणजे माणूस खरा, आजार मात्र पाठ केलेला. घंटा वाजली की आत जायचं, बोलून त्याचा आजार शोधायचा, पुन्हा घंटा वाजली की पुढच्या खोलीत. कोपऱ्यात परीक्षक बसलेले असतात, आणि शेवटी तो खोटा रोगीही गुण देतो.

लेखी परीक्षेत चिमी पहिली आली आणि या खोल्यांमध्ये नापास झाली.

पुन्हा बसायला एकच संधी होती, थंडी संपता संपता. विद्यार्थी म्हणून इथे राहायची तिची मुदतही त्याच सुमारास संपत होती. या वेळी पास झाली नाही तर पदवी नाही, पदवी नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून कायमचा कागदही नाही. सामान बांधून परत जायचं. अर्धी डॉक्टरीण कुठल्याच देशात चालत नाही.

निकालाच्या दिवशी ती घरी आली, गळ्यातली किल्ली काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. मी कारण विचारलं.

"सवय करते आजी," ती म्हणाली.

त्यानंतर ती बाहेर जाताना किल्ली खिळ्यावरून घेई आणि आल्यावर तिथेच ठेवी, पाहुण्यासारखी.

चार दिवसांनी मी तिच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. प्राध्यापकांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की तुम्हाला माहिती सगळी आहे, पण तुम्ही विचारत नाही. एका खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते, हात कापणारे. चिमीने त्यांचा गळा तपासला, डोळे तपासले, बोटं नाकाला लावायला लावली. ते दारू पितात का, एवढंच विचारलं नाही. कागदावर मात्र 'घेत नाहीत' असं स्वतःच्या मनानेच लिहून टाकलं. दुसऱ्या खोलीत एक आजीबाई होत्या. त्यांना काही खासगी प्रश्न विचारणं भाग होतं. चिमीने त्यांचे आभार मानले आणि घंटेच्या आधीच बाहेर आली.

"अगं, पण का नाही विचारलंस?"

"आजी, ते तुमच्या वयाचे होते. कोटाची सगळी बटणं लावलेली. अशा माणसाला दारू पिता का म्हणून कसं विचारू?"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर रोज शाळा सुटताना एकेकीला उभं करून विचारत, आज कोणाशी खोटं बोललीस, कोणाचा हेवा केलास, प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडून काय बघत होतीस. त्यामुळे प्रश्नाने कोणी मरत नाही, हे मला लहानपणीच कळलं होतं. मी चिमीला सांगितलं, उद्यापासून सकाळच्या चहाला मी रोगी.

पहिल्या दिवशी मी मटार सोलत बसले होते. चिमी वही घेऊन समोर बसली, घसा खाकरला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही दारूबिरू घेत नसालच ना?"

"उत्तर तूच दिलंस," मी म्हणाले. "मग मी दवाखान्यात कशाला आले?"

पुन्हा विचारायला लावलं. या वेळी तिने नीट विचारलं, टेबलाकडे बघत. मी मान ताठ ठेवून सांगितलं, की दुपारच्या जेवणानंतर दोन पेले ब्रँडी, रविवारी तीन. तिचे कान लाल झाले. पण पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं, कधीपासून पिता. आणि त्याच्या पुढचाही.

मला त्याची गोडी लागली, हे मी नाकारत नाही. एका सकाळी मी पत्त्यांच्या क्लबाची मालकीण होते आणि मला झोप लागत नव्हती. एका सकाळी मी जहाजावरची निवृत्त स्वयंपाकीण होते, आणि माझे दोन नवरे वारले होते व तिसरा मी कुठल्याशा बंदरावर सोडून आले होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. चिमीचा आवाज आता चांगला खणखणीत निघू लागला होता.

"तिसऱ्या नवऱ्याशी संबंध शेवटचा कधी आला?" ती विचारत होती.

थोड्याच वेळात टेलरबाई हजर. माझी नसलेली कात्री मला परत करायला आल्या होत्या. चिमी कॉलेजला जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाल्या, की आजवर तुम्ही एकाच यजमानांबद्दल बोलत आलात, मी काही कोणाला सांगणार नाही, पण बंदर कुठलं ते तरी सांगा.

सगळं ऐकल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा मटारांत पडला. दुसऱ्या दिवसापासून त्याही रोगी झाल्या. मात्र टेलरबाई खोटा आजार सांगायला बसल्या की खरा आजार मध्येच घुसे. पोटदुखी सांगायची ठरलेली, तर निम्म्यात गुडघा यायचा, आणि चिमीने पोटाबद्दल विचारलं की त्या रागवायच्या, आधी गुडघ्याचं बघ म्हणायच्या. आपल्याला गंभीर काही झालेलं त्यांना मुळीच खपत नसे. चिमीने कसलंही निदान केलं तरी त्या ते घासाघीस करून सर्दीवर आणत. त्यांच्याकडून सरळ उत्तर काढता काढता चिमी तयार झाली. महिन्याभरात ती आम्हा दोघींच्या डोळ्यांत डोळे घालून काहीही विचारू लागली, आणि मी मनातल्या मनात शाबासकी घेऊन मोकळी झाले.

मग एका रविवारी घरून फोन आला. चिमीने तो स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला होता, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. मास्तर बोलताना खोकत होता. एक वाक्य, मग खोकला, मग दुसरं वाक्य. चिमीने तोंड उघडलं. तिचा हात गळ्याशी गेला, जिथे पूर्वी किल्ली असे.

"तब्येत बरी आहे ना बाबा?"

"उत्तम. तू अभ्यास कर."

फोन बंद झाला. हा खोकला कधीपासून आहे हे का नाही विचारलंस, असं मी म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला मास्तरच्या खुर्चीवर पाय ठेवायला सांगितलं होतं.

"बाबांना?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस आमचा नुसता खेळ चालला होता. ब्रँडी पिणारी म्हातारी तिला माहीत होती, तिला ती घाबरत नव्हती. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, त्या खोल्यांमध्ये टेलरबाई नसतील आणि मीही नसेन. तिथे तुझा बाप बसलेला असेल असं समजून जा.

तिने हातातला टोस्ट अर्धा ठेवला आणि वर गेली. तुळईचा आवाज आला.

परीक्षेच्या दिवशी ती संध्याकाळी परतली. सायकल नीट कुंपणाला लावली, हात धुतले, मग टेबलाशी बसली. टेलरबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चिमी सांगू लागली. सगळं बरं चाललं होतं, पण शेवटून दुसऱ्या खोलीचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. आत एक ताठ बसलेले म्हातारे गृहस्थ, कोटाची बटणं लावलेली, खिशाला पेन. तिला उशीर झाल्यासारखं त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ते घरात वरचेवर पडत होते, एवढीच तक्रार.

चिमीने पडण्याबद्दल सगळं विचारलं. मग दारूबद्दल विचारलं. गृहस्थ तिच्याकडे रोखून बघत म्हणाले, याचा माझ्या पडण्याशी काय संबंध? कोपऱ्यातल्या परीक्षकांचं लिहिणं थांबलं.

"मग तू काय म्हणालीस?" टेलरबाईंनी विचारलं.

"म्हणाले, संबंध आहे की नाही ते तुम्ही सांगितल्यावर मला कळेल. म्हणून विचारते."

"आणि ते?"

"त्यांनी खिशाचं पेन सारखं केलं. मग म्हणाले, बायको गेल्यापासून रोज पितो. अजून कोणाला सांगितलेलं नाही." चिमीने नाक पुसलं. "पाठ केलेलं होतं आजी, मला माहीत होतं. तरी रडू आलं."

निकाल लागायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत आम्ही तिघींनी त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि टेलरबाईंनी ते जवळजवळ पाळलं. एका सकाळी मी दूध आत घ्यायला दाराशी गेले, तर खिळा रिकामा दिसला. सायकल कुंपणालाच होती, म्हणजे चिमी अजून वरच होती. मग जिन्यावर शिट्टी ऐकू आली. ती खाली उतरली तेव्हा निळी नाडी तिच्या गळ्यात होती. रोजनिशीत मी त्या दिवशी एवढंच लिहिलं, की किल्ली परत जागेवर गेली.

पुढची दोन वर्षं तिने इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काढली. आता तिला आवरणं कठीण झालं होतं. मोरी दुरुस्त करायला आलेला नळवाला दोनदा खोकला, तर तो पाना घेऊन आला होता तो छातीच्या फोटोची चिठ्ठी घेऊन गेला. घरच्या फोनवर मात्र मास्तर अजून खोकत होता, आणि तिथे ती अजूनही 'तब्येत बरी आहे ना' एवढंच विचारी. मग एक दिवस तो कायमच्या वास्तव्याचा कागद आला. तिने घरी फोन केला. मास्तर 'उत्तम' म्हणाला, आणि लवकरच बायकोला घेऊन स्वतः इथे आला.

तो आता निवृत्त झाला होता, पण चालणं अजून शाळेच्या व्हरांड्यातलं होतं. वरची खोली बघायला जाताना तो जिन्याच्या मध्यावर थांबला आणि भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिला. चित्र छान आहे मामी, असं म्हणाला. ते चित्र म्हणजे एका जुन्या कॅलेंडरचं पान आहे, ओल लपवायला लावलेलं. चिमी त्याच्या मागे दोन पायऱ्या खाली उभी होती. ती चित्राकडे बघत नव्हती, त्याच्या खांद्यांकडे बघत होती.

चहाच्या वेळी आम्ही पाचजण टेबलाशी होतो. चिमीने आपली खुर्ची वडिलांच्या समोर ओढली.

"बाबा, सिगारेट ओढता का?"

तिच्या आईच्या हातातला चमचा बशीत पडला. बापाला काय विचारतेस हे, असं ती पुटपुटली. टेलरबाई पुढे सरकून बसल्या. मास्तर मुलीकडे बघत राहिला, आणि मुलगी त्याच्याकडे. इतकं स्वस्थ मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"तीन," तो शेवटी म्हणाला. "संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा."

"कधीपासून?"

"तुझ्या जन्माआधीपासून."

"म्हणून तुम्हाला फिरण्याची एवढी हौस," त्याची बायको म्हणाली. लग्नानंतर 'अहो'च्या पुढचं हे तिचं पहिलंच वाक्य असावं. "आणि मी आपली सगळ्यांना सांगते, आमचे हे किती नियमाचे."

"कोणी विचारलंच नाही कधी," मास्तर म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. उलट बोलून झाल्यावर त्याने कोटाचं वरचं बटण काढलं आणि दुसरा कप चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी चिमीने त्याला आपल्या इस्पितळात नेलं. छातीत धूर बराच साठला होता, पण वाईट काही निघालं नाही. सिगारेट बंद, औषध सुरू, आणि फिरायला जायचं ते बायकोबरोबर. हे सगळं तो निमूट ऐकून आला.

संध्याकाळी चिमी कामावर गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मामी, आमच्या घरात असं विचारायची पद्धत नव्हती. हिला हे कोणी शिकवलं?"

"माझ्या तिसऱ्या नवऱ्याने," मी म्हणाले.

मास्तरने कप खाली ठेवला. पलीकडे टेलरबाई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर न करताच सुस्कारा सोडला.

"फार चांगला होता हो बिचारा," त्या म्हणाल्या.