बसून पाहायचं चित्र

माझे वडील नागपुरात सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. टॉकीजच्या माथ्यावर चढणारे ते अवाढव्य चेहरे आधी आमच्या अंगणात आडवे पडलेले असायचे आणि आई हिरॉइनच्या गालाला वळसा घालून पाण्याला जायची. शाळेत हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ व्हायची. एवढे मोठे डोळे दुसऱ्या कोणाच्या बापाने काढले होते?

सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीत विहार झाला. गिरणीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून तो उभा केला. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरांतले देव गेले, आणि तेव्हापासून भिंती मोकळ्याच होत्या. आता विहाराच्या भिंतीवर बुद्ध हवा होता आणि पेंटर तर घरचाच होता. बाबांनी टॉकीजचं काम बाजूला सारलं, भिंतीवर चौकटी आखल्या आणि पार छतापर्यंत बुद्ध रंगवला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कमिटीची मंडळी पाहायला आली आणि भिंतीपुढे उभी राहिली. कपाळ लांबलचक, पापण्या जड, वरचा चेहरा खालच्यापेक्षा मोठा दिसत होता.

"कपाळ काहून एवढं मोठं करून ठेवलं गा?" कमिटीतल्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी विचारलं.

बाबांचा चेहरा उतरला. बोर्ड उंचावर लागतो, लोक रस्त्यावरून मान वर करून पाहतात, म्हणून वरचा भाग ताणून काढायचा, की खालून तो बरोबर दिसतो. हात त्याच सवयीने चालला होता. इथे मात्र छत बुटकं होतं आणि बुद्धाचा चेहरा उभ्या माणसाच्या अगदी पुढ्यात येत होता.

"चुकलं माहं. पांढरा मारून टाकतो," बाबा म्हणाले. आजवर एकाही हीरोबद्दल त्यांनी असं म्हटलं नव्हतं. मला रडूच आलं.

आई सकाळपासून विहाराची फरशी घासून थकली होती आणि तिथेच मधोमध बसली होती. तिने वर पाहिलं.

"उभ्यानं काय पाहून राहिले तुम्ही?" ती अध्यक्षांना म्हणाली. "उद्या लोक काय उभे राहून वंदना करतीन? बसा नं भाऊ जरा."

मंडळी बसली. मीही बसले. कपाळ मागे सरलं, पापण्या खाली झुकल्या आणि बुद्ध शांतपणे आमच्याकडे पाहू लागला. अध्यक्षांनी हात जोडले. पांढऱ्या रंगाचं नाव मग कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती त्या भिंतीसमोर बसली, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

पुढे काही वर्षांनी वस्तीची बस अजिंठ्याला गेली. एका लेण्यात दगडाचा मोठा बुद्ध होता. बाबा बराच वेळ उभ्याने पाहत राहिले, मग खाली बसले. मी शेजारी बसले. मघाशी जड वाटलेलं ते डोकं हलकेच जागेवर आलं.

"ह्यानंबी बसणाऱ्यासाठीच घडवला," बाबा म्हणाले.

बाहेर बसचा हॉर्न वाजू लागला. आमचेच लोक हाका मारत होते. बाबांचं बोट हवेतल्या हवेत त्या कपाळाचं माप घेत होतं. दीड हजार वर्षांनी दोन कारागीर भेटले होते. मी त्यांना उठवलं नाही.